फुलांचा रोजमेळ

मार्च महिन्याचा अखेरचा पंधरवडा व्यापारी घरात कसा जातो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गोदामातील शिल्लक मालाची मोजदाद, येणी-देणी जुळविणे, बँक जुळवणी पत्रक, करसल्लागाराच्या कचेरीतून वारंवार येणारे दूरध्वनी, या साऱ्यांत घरच्या कर्त्या माणसास मान वर करावयास उसंत मिळत नाही. ३१ मार्च उलटतो, नव्या वर्षाची पहिली नोंद होते आणि मगच ध्यानात येते की बाहेर ऊन चांगलेच तापू लागले आहे, पंखा आता दिवसभर लागतो आहे आणि फळवाल्याच्या गाडीवर संत्र्यांच्या जागी कलिंगडे आली आहेत. उन्हाळा लागल्याची वार्ता बहुतेक पेढ्यांवर अशी उशिरा आणि उकाड्याच्या रूपाने पोहोचते.

वस्तुतः कितीतरी दिवस आधीच ऋतूने आपली वर्दी दिलेली असते. गावाबाहेर बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेसावरीची लाल, मांसल फुले फाल्गुनाच्या आधीपासून पडू लागतात. माळावरचा पळस पेटतो, कुंपणावरचा पांगारा फुलतो. या तिन्ही झाडांवर त्या दिवसांत पान औषधालाही सापडत नाही आणि साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची मात्र पहाटेपासून झुंबड उडालेली असते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा घरात येतो, तो याच ऋतूचा नमुना होय. पिंपळाला तांबूस, तकतकीत पालवी फुटते. करंजाखालची जमीन गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या सड्याने झाकून जाते. आंब्याचा मोहर गळून त्या जागी कैऱ्या धरतात आणि कोकीळ पहाटे चारपासून ओरडू लागतो.

एवढी फुले नेमकी याच रूक्ष दिवसांत का यावीत, हा प्रश्न अनेकांना पडतो. पाण्याचा थेंब मिळणे दुरापास्त असताना झाडाने हा उधळेपणा का करावा? हिशेबाची सवय असलेल्या माणसास याचे उत्तर सहज पटावे. पावसाळ्यात झाड पानांनी भरलेले असते. पाणी मुबलक असते आणि पानांतून अन्न तयार होण्याचे काम जोरात चालते. त्यातील सारेच अन्न वाढीवर खर्च होत नाही. बराच भाग पिष्टाच्या रूपाने खोड, फांद्या आणि मुळे यांत साठविला जातो. थंडी सरता सरता झाड पाने टाकून देते, कारण पानांवाटे उडून जाणारे पाणी हा त्याचा सर्वांत मोठा चालू खर्च असतो. तो खर्च थांबवून, साठविलेल्या गंगाजळीतून ते फुलते. आड येणारी पाने नसल्याने फुले दुरूनही दिसतात आणि पाखरे, मधमाश्या यांना वाट शोधावी लागत नाही. पुढे उन्हाळाभर शेंगा व बोंडे पक्व होतात, सावरीचा कापूस वाऱ्यावर पसरतो, आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा बी जमिनीवर हजर असते. सारा व्यवहार शिलकीतून होतो आणि मुदतीत होतो. बाहेरून उधळपट्टी वाटणारी गोष्ट आतून किती नेमकी असू शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

एप्रिल उजाडला की दुसरी फळी पुढे येते. बहाव्याचे पिवळेधमक घोस खाली झुलू लागतात. गतवर्षीच्या लांब काळ्या शेंगा त्याच फांदीवर अद्याप लोंबत असतात; मागील शिल्लक पुढे ओढून नवे पान सुरू करावे, तसा तो देखावा दिसतो. केरळात याच फुलाला कणिकोन्ना म्हणतात. तेथील विषू या नववर्षाच्या सणाला पहाटे डोळे उघडताच जे मंगलदर्शन घ्यावयाचे असते, त्यात बहाव्याचे फूल अवश्य असते. ते केरळचे राज्यपुष्प आहे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण. तेही याच सुमारास जांभळट गुलाबी तुऱ्यांनी फुलते. त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या असतात आणि कापडाच्या व्यापाऱ्यास त्या पाहून क्रेपची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कोकणात नदी-ओढ्यांच्या काठी ताम्हण आपोआप वाढते. शहरांत ते रस्त्यांच्या कडेला लावलेले आढळते. परंतु आपले राज्यपुष्प कोणते, असे दहा जणांना विचारल्यास उत्तर किती जणांकडून मिळेल, याची शंकाच आहे.

गुलमोहर तर सर्वांच्या ओळखीचा. तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. एकोणिसाव्या शतकात भारतात आला आणि असा रुळला की त्याच्यावाचून मे महिन्याची कल्पना करवत नाही. साताऱ्यात १ मे या दिवशी गुलमोहर दिन साजरा होतो. या फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी एक उरलेल्या चौघींहून वेगळी, पांढरट आणि ठिपक्यांची असते. सुटीतील मुले त्याचे केसर एकमेकांत अडकवून ओढतात आणि ज्याच्या केसराचे डोके तुटले तो हरला, असा खेळ मांडतात. आज ज्यांची नातवंडे शाळेत जातात, त्यांनीही तो खेळ खेळलेला असतो. फक्त त्यानंतरच्या चाळीस उन्हाळ्यांत त्या झाडाखाली ते थांबलेले नसतात.

दक्षिण कोकणात याच्या थोडे आधी सुरंगीचा हंगाम येतो. वेंगुर्ल्याच्या परिसरात या झाडाच्या जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे झुपके धरतात. बायका त्यांचे वळेसर करतात, आणि कळ्या वाळवून विकण्याचा व्यवसायही तेथे चालतो. वाळल्यानंतरही सुगंध टिकणे हे सुरंगीचे वैशिष्ट्य. अन्य बहुतेक फुलांना ही सवलत नाही आणि मोगऱ्याला तर मुळीच नाही.

मोगऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण व्यापारी पेठेतील घरांत बाग म्हणून जे काही उरले आहे, त्याचा मानकरी तोच आहे. पेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. खाली दुकान, वर राहणे, मागे चार फुटांचे परसू किंवा गच्चीवर दहा-बारा कुंड्या. त्यांत तुळस, कोरफड, सदाफुली, जास्वंद आणि एक-दोन मोगरे. त्या मोगऱ्याची निगा बहुधा घरातील सर्वांत वडील स्त्रीकडे असते. जानेवारीच्या अखेरीस ती त्याची छाटणी करते. उरलेली पाने काढून टाकते आणि काही दिवस पाणी तोडते. शेतकरी यास ताण देणे म्हणतात. नवख्या सुनेला वाटते, झाड मरणार. माती कोरडी पडून झाड जरासे मलूल दिसू लागले की ती माती मोकळी करते, शेणखत घालते आणि पुन्हा पाणी सुरू करते. मग झाड नव्या जोमाने फुटते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या या नव्या फुटीच्या शेंड्यांवर. म्हणून जुन्या फांद्या राखून ठेवणाऱ्याच्या पदरी पाने पडतात आणि छाटणाऱ्याच्या ओंजळीत फुले. एक बहर संपला की शेंडे हलकेच खुडावे लागतात, म्हणजे दुसरा बहर येतो. उन्हात ठेवावे, दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळू द्यावे, पाणी सकाळी किंवा सायंकाळी घालावे, कुंडीतील मातीवर वाळक्या पानांचा थर द्यावा. हे ज्ञान कोठेही लिहिलेले नसते. ते त्या हातांत असते.

आणखी एक गोष्ट त्या हातांतच असते. बागेतील मोगरा सहसा बी धरत नाही. त्याचे रोप होते ते फांदी लावून किंवा जमिनीलगतची फांदी मातीत दाबून. याचा अर्थ असा की घरातील मोगरा हा कोणाच्या तरी अंगणातील मोगऱ्याचाच तुकडा असतो. पुष्कळ घरांत तो सुनेच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आलेला असतो, आणि तिच्या माहेरी तो तिच्या आईच्या माहेराहून आलेला असतो. एकच झाड असे गावोगाव फिरत, पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. त्याची साखळी मात्र कोठेही तुटू शकते. जुने घर पाडून तेथे इमारत उभी राहते, सामानाचे ट्रक भरले जातात, तिजोरी आणि चोपड्या आधी हलविल्या जातात आणि कुंड्या मागे राहतात. रोपवाटिकेत दुसरा मोगरा थोड्या पैशांत मिळतो, हे खरे. परंतु तो तो मोगरा नव्हे, हे ज्या एकाच व्यक्तीला ठाऊक असते, ती त्या धांदलीत काही बोलत नाही.

मोगऱ्याच्या फुलाचे आयुष्य एका रात्रीचे. दुपारी टपोरी, पांढरीशुभ्र झालेली कळी त्याच संध्याकाळी उमलणार, हे ओळखण्यास दोन-तीन दिवसांचा सराव पुरतो; गजऱ्यासाठी कळ्या खुडतात त्या याच वेळी. सूर्य कलला की पाकळ्या सैल होतात आणि अंधार पडेतो सुगंध पसरू लागतो. रात्री हिंडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. म्हणूनच रात्री फुलणारी इतकी फुले पांढरी आणि सुवासिक असतात. दुसऱ्या दिवशी फूल पिवळट पडते आणि गळते.

आता या वेळेचा दुकानाच्या वेळेशी मेळ घालून पाहावा. उन्हाळ्यात बाजाराला खरी गर्दी ऊन उतरल्यावर होते. लग्नसराई असते, गिऱ्हाईक सहाला येते ते नऊपर्यंत हलत नाही. शटर ओढून, गल्ला मोजून मालक घरी येईपर्यंत कळीचे फूल कधीच झालेले असते. त्यास गच्चीवर सुगंध येतो. उमलताना मात्र ते त्याने कधी पाहिलेले नसते. तीस-तीस वर्षे ज्या घरात मोगरा फुलतो, त्याच घरातील कर्त्या पुरुषाने मोगरा उमलताना एकदाही पाहिलेला नसावा, ही गोष्ट ऐकण्यास विचित्र वाटते; पण शोध घेतल्यास ती अनेक घरांत खरी ठरेल.

यावर उपाय त्याच घरांच्या रीतीत आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची शिस्त ज्या घरांत पाळली जाते, तेथे दुकानातील माणसे आळीपाळीने पाच-साडेपाचनंतर घरी येतात, जेवतात आणि लगबगीने परततात. या जेवणानंतरची दहा मिनिटे आणि मोगऱ्याची कळी सैल होण्याची वेळ जवळजवळ एकच आहे. कोणतेही नवे व्रत घ्यावयाचे नाही, वेळापत्रक बदलावयाचे नाही. हात धुतल्यावर जिन्याने खाली उतरण्याऐवजी वर गच्चीवर जावयाचे, एवढेच. तेथे घरातील आजी बहुधा आधीपासूनच बसलेली असते.

फुलांकडे पाहणे हे रिकामटेकड्यांचे काम, अशी समजूत व्यवहारी मंडळींत आढळते. जुन्या काळच्या व्यवहारी मंडळींची समजूत तशी नव्हती. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘कुसुमलता’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या झाडांना फुले-फळे विपुल आली असता कोणते धान्य उत्तम पिकेल आणि कोणते द्रव्य बाजारात सुलभ होईल, याचे आडाखे त्यात दिलेले आहेत. ते आडाखे आजच्या बाजारात लावून कोणी सौदा करू नये, हे खरे. परंतु धान्याच्या भावाची चिंता वाहणारा माणूस त्या काळी झाडांच्या फुलोऱ्यावर नजर ठेवून होता, एवढे त्यावरून निश्चित होते. बहावा फुलला की पाऊस किती दिवसांवर आला, याचे ठोकताळे खेड्यापाड्यांतून आजही ऐकू येतात.

ठोकताळ्यांना नोंदींची जोड मिळाली की त्यांचे मोल किती वाढते, याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. क्योटो शहरात चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला, याच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या मिळतात. दरबारी बखरी आणि उमराव व भिक्षू यांच्या रोजनिशा यांतून संशोधकांनी त्या गोळा केल्या. लिहिणाऱ्यांच्या मनात विज्ञान नव्हते. अमुक दिवशी फुलांखाली मेजवानी झाली, एवढेच त्यांना टिपून ठेवावयाचे होते. त्या साध्या नोंदींच्या आधारे आज असे म्हणता येते की २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा होता. हवामान बदलत आहे, याचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. भारतातही ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात शाळकरी मुले आणि नागरिक एकेक झाड निवडून त्याची पाने, फुले, फळे यांची स्थिती दर आठवड्याला नोंदवितात. मराठीत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. महिन्यामागून महिना निसर्ग कसा पालटतो, याचे इतके बारकाईने केलेले निरीक्षण वाचले की आपल्या खिडकीबाहेरचे झाडही नव्याने पाहावेसे वाटते.

रोजच्या रोज नोंद ठेवण्याची सवय ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यास हे काम जड जाऊ नये. पाच रुपयांचा व्यवहारही रोजमेळात चढविल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, त्यांच्या घरी फुलांचा रोजमेळ मात्र नसतो. त्यासाठी एक साधी वही पुरे. चार रकाने आखावेत: तारीख, झाड किंवा पक्षी, काय दिसले, आणि कोणी पाहिले. मोगऱ्याची पहिली कळी कधी उमलली, समोरच्या बहाव्याला पहिला घोस कधी आला, कोकीळ प्रथम कधी ओरडला, टुक टुक करणारा तांबट कोणत्या झाडावर बसतो, कावळ्याने काड्या गोळा करावयास कधी आरंभ केला, पहिला वळीव कोणत्या दुपारी आला आणि गारा पडल्या की नाही, हे सारे त्यात यावे. रोज लिहिण्यासारखे काही नसेल तर आठवड्यास एक ओळ पुरते. एका वर्षाच्या नोंदीतून विशेष काही कळणार नाही. दुसऱ्या वर्षी तुलना करता येईल, आणि दहा वर्षांनी घरातील कोणा मुलास आपल्या गावचा उन्हाळा अलीकडे येतो आहे की लांबतो आहे, हे स्वतःच्या घरच्या कागदावरून सांगता येईल.

वहीचा शेवटचा भाग वेगळा ठेवावा. त्यात घरातील प्रत्येक झाड कोठून आले, ते लिहावे. अनंत कोणी दिला, सोनचाफा कोणत्या वर्षी लावला, मोगरा कोणाच्या माहेरचा. छाटणी कधी करावयाची, पाणी किती दिवस तोडावयाचे, हेही जसे सांगितले जाईल तसे उतरवून घ्यावे. येणे कोणाकडून किती, हे सांगणारा माणूस गेला तर ते चोपडीतून काढता येते. मोगऱ्याचे सांगणारे माणूस गेले की ते कोठूनच काढता येत नाही. पावसाळा लागला की त्या मोगऱ्याच्या दोन-तीन फांद्या वेगळ्या कुंडीत लावून ठेवाव्यात. एखादी मुलगी सासरी जाईल, एखादा मुलगा पुण्या-मुंबईच्या सदनिकेत राहावयास जाईल. त्यांच्यासोबत एक कुंडी द्यावी आणि वहीतील त्या पानाची प्रतही द्यावी.

यंदाचा मोगरा अजून बहरात आहे. आणखी काही आठवडे, पाऊस स्थिरावेपर्यंत, दर संध्याकाळी काही कळ्या उमलतील. गजऱ्यासाठी खुडताना चार कळ्या झाडावर राहू द्याव्यात, म्हणजे पाहण्यासाठी काही उरेल. गच्चीवर आजीच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची ठेवावी. वहीतील पहिली नोंद कशाची करावी, हा प्रश्न तिलाच विचारावा, आणि ती सांगू लागली म्हणजे दुकानातून दूरध्वनी आला तरी दहा मिनिटे तो वाजू द्यावा.